पाचवी नळी

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाकावर राग, जिभेला हाड नाही, आणि माझ्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावला की अंगाचा नुसता तिळपापड होतो. आई म्हणते, "तुला एखाद्या बेटावरच द्यायला हवी होती. नवराही नको होता, नुसतं बेट."

अशा बाईनं तीन वर्षं काम कशावर करावं? तर एकेकट्या राहणाऱ्या पेशी एकमेकींबरोबर राहायला कशा शिकतात, यावर!

या पृथ्वीवर अतोनात काळ नुसते एकपेशी जीव होते. खायचं, वाढायचं, एकाचे दोन व्हायचं आणि आपापल्या वाटेनं चालू लागायचं. कुणाचं कुणाला काही देणंघेणं नाही. मला विचाराल तर सुखाचा संसार होता तो. मग कधीतरी काही पेशी दोन झाल्यावर वेगळ्या व्हायच्या थांबल्या. असं एकदाच नाही, निरनिराळ्या कुळांत निरनिराळ्या वेळी झालं, आणि त्यातूनच पुढे शेवाळी, झाडं, गांडुळं, तुम्ही-आम्ही सगळे आलो. पण ती पहिली पायरी चढायची कशाला? एकटीला सगळं मिळत असताना गर्दीत शिरून अर्धपोटी राहायचं कशाला? हा प्रश्न मला कॉलेजात असल्यापासून छळत होता.

कॉलेजनंतर पीएचडी झाली, लग्न होऊन पुण्याहून बंगळुरूला आले, मुलगा झाला, आणि बघता बघता नऊ वर्षं घरात गेली. कुणी बळजबरी केली असंही नाही. आज जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता गेली. मग घर सांभाळून संशोधनात परत येऊ बघणाऱ्या बायकांसाठी एक फेलोशिप असते, ती मिळाली. तीन वर्षांची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी समितीसमोर उभं राहायचं. त्यांना काम पटलं तर आणखी दोन वर्षं, नाही पटलं तर नमस्कार. मी एक्केचाळीस वर्षांची होते. इथून घरी गेले तर पुन्हा मला कुठलीही लॅब दारात उभी करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. रोज सकाळी बसमध्ये बसले की डोक्यात तेवढा एकच विचार असायचा.

राजाजीनगरहून आमची संस्था म्हणजे देवनहळ्ळीच्या वाटेवर, दोन बस बदलून. नवरा बेळ्ळंदूरला, म्हणजे बरोबर उलट दिशेला. सकाळी सातला आम्ही दोघं दारात एकमेकांना टाटा करायचो ते थेट रात्री जेवायलाच भेटायचो.

माझा प्रयोग कुणालाही समजेल इतका साधा होता. पाव फुगवतात ते यीस्ट सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचंच एक रानटी भावंड मी आमच्या कॅम्पसमधल्या फणसाच्या सडक्या गऱ्यावरून उचललं होतं. एकेकटी राहणारी पेशी, आपल्या अंगाला कोंब फुटल्यासारखी लहान पेशी काढते, ती मोठी झाली की सुटून जाते. शास्त्रातसुद्धा त्यांना आई-पेशी आणि मुलगी-पेशी असंच म्हणतात. हे यीस्ट मी आठ काचेच्या नळ्यांत वाढवत होते. नळ्या दिवसरात्र शेकरवर हलत राहायच्या. रोज सकाळी दहाला शेकर बंद करायचा, नळ्या स्टँडवर उभ्या करायच्या आणि सात मिनिटं थांबायचं. सात मिनिटांत जे तळाशी बसेल तेवढंच थेंबभर घेऊन ताज्या मीडियममध्ये, म्हणजे यीस्टच्या खाण्याच्या पाण्यात, टाकायचं. जे वर तरंगत राहील ते बाद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यातली गोम अशी, की एकटी पेशी हलकी असते, ती लवकर तळाला जात नाही. चार-सहा एकमेकींना धरून राहिल्या तर जड होतात, झपकन खाली बसतात. म्हणजे माझ्या नळीत जी धरून राहील ती जगेल. हे काही मी शोधलेलं नाही. दुसऱ्या यीस्टवर लोकांनी हे आधी करून दाखवलं होतं. माझं हे फणसावरचं रानटी यीस्ट तसं वागेल का, एवढंच मला बघायचं होतं. आणि ते माझ्याच जातीचं निघालं. महिन्यामागून महिने गेले, पण एकही पेशी दुसरीला धरायला तयार होईना.

सात मिनिटं काही करता यायचं नाही, म्हणून तेवढ्यात मी पुण्याला आईला फोन लावायचे. हातात ग्लोव्हज असायचे, त्यामुळे फोन बाजूला टेकवून स्पीकरवर. लॅबमध्ये मराठी कुणालाच येत नव्हतं. एक बंगाली, दोन मल्याळी, एक हिंदीवाला, आमचे सर तमिळ. त्यामुळे मी बिनधास्त असायचे. सगळ्यांची यथेच्छ निंदा व्हायची. सर कसे निर्णय लांबणीवर टाकतात, बंगाली मुलगी मायक्रोस्कोप कसा अडवून बसते. आईला या सगळ्या माणसांची इतकी माहिती झाली होती की ती मला आठवण करून द्यायची, "अगं, त्या पोरीचा मायक्रोस्कोप झाला का मोकळा?"

माझ्या ओट्याच्या मागच्या भिंतीला मोठं सिंक होतं. तिथे अण्णा नळ्या धुवायचे. अण्णा म्हणजे आमच्या मजल्याचे काचसामान धुणारे आणि मीडियम बनवणारे. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली, तीस वर्षांची नोकरी, कानांवर पांढरे केस, कमरेला रबरी एप्रन. सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलायचे, माझ्याशी मोडक्या इंग्रजीत. माझ्या वापरून झालेल्या नळ्या एक दिवस फ्रिजमध्ये राखीव राहायच्या आणि मग रॅकसकट अण्णांकडे जायच्या. ते त्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर शिजवायचे, म्हणजे आतलं सगळं मरायचं, आणि मग ब्रशनं घासायचे.

समितीला एक महिना उरला होता. एका सकाळी मी धुतलेली नळी उजेडात धरली तर तळाला पांढरा कण चिकटलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एका नळीत तसाच. माझं डोकं फिरलं.

"अण्णा, धिस इज वॉशिंग?" मी नळी त्यांच्या नाकासमोर नाचवली.

त्यांनी नळी हातात घेतली, तिरपी करून पाहिली आणि म्हणाले, "मेडम, ऐदने नंबर मात्र." पाचवा नंबर फक्त, एवढं कन्नड मला येत होतं. मग हातानं ब्रश फिरवल्याची खूण करून म्हणाले, "टू टाइम्स रबिंग. फिफ्थ ओन्ली."

"ऑल, अण्णा! ऑल शुड बी क्लीन!" मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

शहाण्या माणसानं विचारलं असतं, पाचवीच का? मी विचारलं नाही. दहा वाजले होते, शेकर बंद केला, आईला फोन लावला आणि सुरू झाले. "अगं, तीस वर्षं नोकरी केली म्हणे! एक ब्रश धड फिरवता येत नाही या माणसाला. वर मलाच सांगतो पाचवी नळीच तेवढी खराब निघते म्हणून. म्हणजे माझ्या नळीचा दोष! चोराच्या उलट्या बोंबा." आई म्हणाली, "वय झालं असेल बिचाऱ्याचं, दिसत नसेल." मी म्हटलं, "दिसत नसेल तर घरी बसावं." मागे सिंकचा नळ बंद होता. हे मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. पुढचे आठ-दहा दिवस रोज दहाच्या ठोक्याला हाच विषय. अण्णांच्या कामाचा पंचनामा, तोही त्यांच्यापासून चार हातांवर.

समितीला आठ दिवस उरलेले असताना तो मंगळवार उजाडला. हेब्बाळजवळ बस पाऊण तास अडकली. लॅबमध्ये धावत शिरले, शेकर बंद केला, नळ्या उभ्या केल्या आणि बघते तर सात नळ्या नेहमीसारख्या ताकासारख्या गढूळ, आणि पाचवी वरून नितळ पाण्यासारखी. तळाशी पांढऱ्या गुठळ्या. नासलेलं दूध दिसतं ना, तसं.

यीस्टवाल्या लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की गुठळी म्हणजे घाण. बाहेरचा जंतू शिरला किंवा बुरशी आली. आणि अशी नळी उघडून बघत बसायचं नाही, कारण ती शेजारच्या सातांना बाटवेल. आठवड्यापूर्वीच पलीकडच्या ओट्यावर एकाचं सगळं काम असं बुडालं होतं. मी मागचापुढचा विचार केला नाही. काय शिरलंय त्याची नोंद हवी म्हणून एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, बर्नरच्या आचेवर शेकवून पक्का केला, आणि नळीत उरलेल्यावर काठोकाठ ब्लीच ओतलं. फ्रिजमधली कालची पाचवीसुद्धा काढली. तिच्यातही ब्लीच. रॅक पुसला, ओटा पुसला, हात दोनदा धुतले. मोठं शिस्तीचं काम केलं असं वाटलं मला.

मायक्रोस्कोप मोकळा झाला दोन वाजता. पट्टीला रंग दिला, खाली ठेवली, डोळा लावला.

जंतू नव्हते. बुरशी नव्हती. यीस्टच होतं. माझंच यीस्ट, पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. एका पेशीला दुसरी लागलेली, तिला तिसरी, त्यांना आणखी फांद्या, असे वीस-वीस, तीस-तीस पेशींचे झुबके. मुलगी आईपासून सुटलीच नव्हती. तिची मुलगी तिच्यापासून सुटली नव्हती. पट्टीभर जिकडे बघावं तिकडे हेच. ज्यासाठी मी तीन वर्षं दोन-दोन बस बदलून येत होते ते माझ्या समोर होतं, आणि रंग देण्याआधी मी ते आचेवर भाजलं होतं, आणि बाकीचं ब्लीचमध्ये बुडवून मारलं होतं. माझ्या हातांनी.

मी स्टुलावर बसूनच राहिले. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. डीप फ्रीझरमध्ये महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक नळीतलं थोडं गोठवून ठेवायचे. शेवटचं ठेवलेलं एकवीस दिवसांपूर्वीचं. त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली नेहमीचंच दिसलं होतं. दोन-चार जोड्या होत्या, पण नुकत्या विभागलेल्या पेशी तशा दिसतातच. तिथून परत सुरू केलं तरी पुन्हा तेच घडेल याची खात्री नाही आणि आठ दिवसांत तर शक्यच नाही. समितीला मी दाखवणार काय? एक भाजलेली पट्टी?

सिंकच्या कोपऱ्यात, शेल्फच्या आड कुणी बघत नाही अशी जागा होती. तिथे जाऊन मी आईला फोन लावला. दुपारी अडीचला मी कधी फोन करत नाही. तिनं घाबरूनच उचलला.

"आई, मी मारलं गं सगळं," मी म्हटलं आणि पुढे मला बोलताच येईना. शाळेतल्या पोरीसारखी हुंदके देऊन रडले. "पाचवी नळी... त्यात झालं होतं. ते झालं होतं आई, धरून राहिल्या होत्या. आणि मी घाण समजून ब्लीच ओतलं. एक थेंब शिल्लक नाही. संपलं माझं. आता येते घरी, बसते पोळ्या लाटत."

"अगं, रडू नको, हळू बोल, कुठे आहेस तू?" आई म्हणत होती. फोन स्पीकरवरच राहिला होता, सवयीनं.

मागून आवाज आला. "अक्का, रडू नका हो. पाचवी नळी हाय की माझ्याकडं."

मी गर्रकन वळले. अण्णा उभे होते, एप्रनला हात पुसत. दुसरं कुणीच नव्हतं. मला वाटलं रडून रडून कानांना भास झाला.

"एक नव्हं," ते म्हणाले, "अठरा हायती."

फोनमधून आई म्हणाली, "कोण बोलतंय गं?"

अण्णा कोल्ड रूमकडे निघाले आणि मी त्यांच्या मागे. सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या बाटल्यांच्या मागून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत कापसाचे बोळे घातलेल्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, एकेकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर कन्नड आकड्यांत तारीख. रविवारची सुट्टी सोडून रोजची एक. शिजवलेल्या नाहीत, धुतलेल्या नाहीत, जशाच्या तशा.

"या... कशाला ठेवल्या?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही रोज म्हणाला ना, मला ब्रश फिरवाया येत नाही. माझा दोष की नळीचा, ते एक दिवस सरांच्यापुढं दाखवावं म्हटलं. बाकीच्या सात नळ्या नुसत्या पाण्यानं साफ होतात. ही एकच तळाला धरून बसती. म्हणून रोजची एक ठेवत गेलो."

म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा होता तो! आणि 'तुम्ही रोज म्हणाला ना' याचा अर्थ माझ्या टाळक्यात हळूहळू उतरायला लागला. दहाचा फोन. स्पीकर. चार हातांवरचं सिंक. बंद असलेला नळ. दिसत नसेल तर घरी बसावं. त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात ते मला कळलं. कोल्ड रूममध्ये मला घाम फुटला.

"अण्णा, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हंजे? घरची भाषा आमची. देवनहळ्ळीच्या कोटेत, किल्ल्यात, आमचं घर, किती पिढ्या झाल्या ते कुणाला ठाव. शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर आलेलं म्हणत्यात."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"मराठी घरात बोलायची, कामावर कन्नड. तशी सवयच." मग म्हणाले, "आणि तुम्ही आईसंगं बोलत होता. मायलेकींच्या मधी मी कशाला पडू?"

"पण मी तुम्हाला इतकं वाईट-वाईट बोलले. तरी तुम्ही ऐकत राहिलात?"

ते पहिल्यांदा हसले. "राग यायचा की. पण माझी आई गेल्यापासून घरात मराठी बोलाया कोण राहिलं नाही. बायको तुमकूरची, पोरं कन्नड आणि इंग्लिश. तुमची आई बोलती ना, ते ऐकाया चांगलं वाटतं. म्हणून दहाला मी नळ बंद करत होतो स्वल्प वेळ. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

मला पुन्हा रडू आलं, पण हे वेगळं होतं. मी तिथेच म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करा." मी आयुष्यात हे वाक्य फारदा म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "सरी, सरी, असू दे. आधी नळ्या बघा. थंडीत जित्या हायती का नाही?"

आणि माझ्या हातातल्या फोनमधून, जो मी बंद करायलाच विसरले होते, आईचा बारीक आवाज आला, "अहो, माझंही चुकलं हो. मीही म्हटलं होतं दिसत नसेल म्हणून."

यीस्ट चिवट असतं, थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतं. त्या संध्याकाळी अठराही नळ्यांतला एकेक थेंब मी ताज्या मीडियममध्ये टाकला. खरं तर मी एकटीनं नाही. मी टाकत होते, अण्णा चिकटपट्टीवरची तारीख वाचून सांगत होते, कारण मला कन्नड आकडे पटपट वाचता येत नव्हते. इतकी वर्षं इथे राहून! बसच्या पाट्या तेवढ्या यायच्या. रात्री झोप लागली नाही. सकाळी पहिली बस पकडली. आले तर अठराच्या अठरा नळ्या गढूळ झालेल्या. देव तारी त्याला कोण मारी, मी मोठ्यानं म्हटलं आणि हिंदीवाल्या मुलानं दचकून माझ्याकडे पाहिलं.

मग एकेक नळी मायक्रोस्कोपखाली ठेवत गेले आणि मला कळेना की हसू की रडू. अण्णांच्या पहिल्या तारखेच्या नळीत बहुतेक पेशी सुट्या होत्या, पण मधूनच चार-चार, पाच-पाचांचे लहान झुबके. चौथ्या-पाचव्या तारखेला ते जास्त. दहाव्यापर्यंत सुट्या शोधाव्या लागत होत्या. शेवटच्यात सगळे वीस-तीसांचे झुबके, आणि झुबका फार मोठा झाला की त्यातली एखादी फांदी तुटून नवा झुबका सुरू करत होती. म्हणजे आता एकटी पेशी नाही, झुबकाच झुबक्याला जन्म देत होता. मी गोठवत होते महिन्यातून एकदा. मधलं सगळं घडताना मी आईशी फोनवर बोलत होते आणि माझे डोळे, खरं सांगायचं तर माझं डोकंच, नळ्यांकडे नव्हतं. ही पायरी रोजच्या रोज जपून ठेवली होती ती, जिला दिसत नाही म्हणून मी घरी बसवायला निघाले होते, त्या नजरेनं.

मी अण्णांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"ह्या सगळ्या एका आईच्या?"

"हो. आई, मुली, नाती, पणत्या. सुटल्याच नाहीत."

"मधल्यांना खायाला मिळतं?"

"कमी मिळतं. मधल्या उपाशी राहतात, काही मरतातसुद्धा."

"एकत्र कुटुंब," ते म्हणाले आणि चष्मा लावून परत सिंककडे गेले.

समितीसमोर मी घाबरत घाबरत उभी राहिले. पाच जण होते, चेहऱ्यावरून काही कळू न देणारे. झुबक्यांची चित्रं दाखवली, तेव्हा एक बाई म्हणाल्या, चिकटपणा आला म्हणून पेशी एकमेकींना लागल्या असतील, यात नवं काय? मी सांगितलं की ही नुसती चिकटलेली परकी माणसं नाहीत, प्रत्येक झुबका एकाच आईची संतती आहे, आणि हे आपण दिवसागणिक बघू शकतो. मग अठरा तारखांची चित्रं एकामागून एक दाखवली. सगळ्यात वयस्कर होते त्यांनी विचारलं, "एवढी रोजची नोंद ठेवायची कल्पना कुणाची?"

खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. माझे सर तिथेच बसले होते, ब्लीचचं प्रकरण त्यांना माहीत होतं, पण ते बोलले नसते. मी म्हटलं, "आमच्या मजल्यावर नळ्या धुणाऱ्या अण्णांची. हा बदल सगळ्यात आधी त्यांच्या ब्रशला कळला. मी त्यांना कामचुकार म्हणाले, म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध पुरावा ठेवला. नंतर ती नळी मी स्वतः घाण समजून मारली. हे जे तुम्ही बघताय ते सगळं त्यांच्या डब्यातलं आहे."

एक जण फस्सकन हसले, मग सगळेच. वयस्कर गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "पुढच्या दोन वर्षांत ते तुमच्याबरोबर असतील ना?" त्या वाक्यातलं 'पुढच्या दोन वर्षांत' मला जरा उशिरा ऐकू आलं.

पत्र शुक्रवारी आलं. सरांनी दारातूनच अंगठा दाखवला. मी आधी अण्णांकडे धावले आणि मराठीत ओरडले, "अण्णा, मिळाली! दोन वर्षं मिळाली!" सगळी लॅब बघत राहिली. अण्णांनी ओले हात जोडले. मग दहा वाजले होते म्हणून शेकर बंद केला, आईला फोन लावला, तिला सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "बरं, आता फोन अण्णांना दे. तुझं काय, तू रोजचीच."

सात मिनिटं ते दोघं बोलत होते. देवनहळ्ळीच्या पोपनसांबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल, त्यांच्या आईच्या हातच्या कसल्याशा चटणीबद्दल. मी गप्प उभी राहून नळ्यांकडे बघत होते. अण्णांच्या डब्यातल्या थेंबावरून पुन्हा सुरू केलेली पाचवी दोन मिनिटांतच नितळ झाली.

फोन झाला. अण्णांनी वापरलेल्या नळ्यांचा शिजवून आणलेला रॅक सिंकमध्ये ठेवला, ब्रश उचलला आणि पाचवी नळी काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "अक्का, हिला अजून दोनदा घासावं लागतंय बघा."

"द्या इकडे," मी म्हटलं. हात पुढे केला, शेजारचा नळ सोडला. "पाचवी मी घासते."